सन अल्ट्रा ५ : पडदा काळा, डेटा आत अडकलेला. कुठून सुरुवात करावी?

वर्धाकाठ
हिंगणघाट तालुक्यातल्या एका संस्थेच्या गोदामात सन (मायक्रोसिस्टिम्स) कंपनीचं अल्ट्रा ५ वर्कस्टेशन आहे. बरीच वर्षं बंद पडून आहे. आत सोलारिस ८ ही सनची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि विहिरींच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी व त्यांवर चालणारे फोर्ट्रान प्रोग्राम. नोंदींची दुसरी प्रत कुठेच नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण साधा व्हीजीए मॉनिटर जोडला तर पडदा काळाच राहतो. सनचा कीबोर्ड हरवला आहे. हाताशी लिनक्सचा लॅपटॉप, मल्टिमीटर आणि यूएसबी-सिरियल केबल आहे. डेटा तर हवाच, पण प्रोग्राम पुन्हा चालवायचे असल्याने मशीनही उभं करायचं आहे. आधी काय करू?

यूएफएसवाला
आधी मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. डेटा एकाच डिस्कवर असेल तर ती डिस्क जितक्या कमी वेळा फिरेल तितकं बरं. शिवाय सोलारिस बूट झालं की ते डिस्कवर लिहायला लागतं, लॉग वाढतात, गरज पडली तर एफएससीके (फाइलसिस्टीम तपासणारी कमांड) दुरुस्तीही करते. आपल्याला आधी जशीच्या तशी प्रत हवी.

अल्ट्रा ५ चं एक बरं आहे, आत साधी आयडीई डिस्क असते. ती काढून लिनक्सला जोडता येते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून स्वतंत्र पॉवर ॲडॅप्टर असलेलंच यूएसबी-आयडीई कन्व्हर्टर घ्या. नुसत्या यूएसबीवर चालणारं लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठी असतं. जंपर मास्टरवर ठेवा.

कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो, टाइप करताना लहान रोमन अक्षरं वापरा, मोठी लागतील तिथे तसं सांगतो. एलएसबीएलके चालवून डिस्कचं नाव दोनदा पाहून घ्या, कारण उलटं नाव दिलं तर मूळ डिस्क पुसली जाते. मग डीडीरेस्क्यू दोन फेऱ्यांत चालवा:

डीडीरेस्क्यू -डी -एन [डिस्क] [इमेज फाइल] [मॅप फाइल]
डीडीरेस्क्यू -डी -आर३ [डिस्क] [इमेज फाइल] [मॅप फाइल]

पहिल्या फेरीत सहज वाचता येतं ते सगळं निघतं, दुसरीत खराब जागांवर तीनदा प्रयत्न होतो. मॅप फाइल जपा, तिच्यामुळे काम मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. साध्या डीडीला नोएरर, सिंक हे पर्याय देऊन लोक काम भागवतात, पण त्यात ब्लॉक साइज मोठा ठेवला तर एका खराब सेक्टरपायी आख्खा ब्लॉक शून्यांनी भरला जातो. मरणाला टेकलेल्या डिस्कसाठी डीडी वापरू नका.

इमेज हाती आली की एलओसेटअप -आर -पी (हा पी मोठा) ने फक्त-वाचन लूप डिव्हाइस करा आणि माउंट करा (यूएफएस ही सोलारिसची फाइलसिस्टीम):

माउंट -टी यूएफएस -ओ आरओ,यूएफएसटाइप=सन [पार्टिशन] /एमएनटी

सोलारिसच्या स्लाइसा, म्हणजे डिस्कचे भाग, ० पासून मोजल्या जातात आणि लिनक्स पार्टिशन १ पासून मोजतं. म्हणून एक्सपोर्ट-होम (वापरकर्त्यांच्या फाइलींचा भाग) सहसा ज्या स्लाइस ७ वर असतं, ती लिनक्सला पार्टिशन ८ दिसते. पार्टिशन ३ म्हणजे स्लाइस २, ती संपूर्ण डिस्क असते, ती माउंट करायची नाही. माउंट होतच नसेल तर मॉडप्रोब यूएफएस करून पाहा. काही डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये हे मॉड्यूल दिलेलंच नसतं, तिथे दुसऱ्या डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा.

काळीमाती
वरचं सगळं बरोबर, पण मशीनचा प्लग लावायच्या आधी भिंतीवरच्या बोर्डात मल्टिमीटर घाला राजेहो. आपल्याकडे गावातली अर्धी मशिनं सॉकेटच्या मागच्या वायरिंगनं मरतात.

फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास पायजे. फेज-अर्थ जवळपास तेवढाच पायजे. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पायजे. न्यूट्रल-अर्थ वीस-तीस दिसला तर अर्थिंग नावालाच आहे असं समजा. अन् फेज-न्यूट्रल कधी १६०, कधी २९० असा झोके खात असंल, तर न्यूट्रल कुठंतरी सैल नाहीतर तुटलेला आहे. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल तुटला की एका फेजवर कमी लोड असलेल्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढते. असल्या झटक्यात साधा स्टॅबिलायझर टिकत नाही. आधी न्यूट्रल दुरुस्त करून घ्या, यूपीएसचा विचार मंग.

अर्थिंगचं अजून एक. काळ्या कापसाच्या मातीत खड्डा केला असंल तर उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात अन् माती पाइपापासून सुटते. पावसाळ्यात चांगली असणारी अर्थिंग मे महिन्यात कामाची राहत नाही. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहा, नाहीतर नवीन खड्डा करताना बेंटोनाइट भरा, ते ओल धरून ठेवते.

आतली साफसफाई पण करा. जिनिंगच्या गावात रुईचे तंतू पंख्याच्या पात्यांवर अन् पॉवर सप्लायच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. ब्रशनं सोडवा अन् ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका, बेअरिंग जाते. आणखी, कूलरचं तोंड मशीनकडं ठेवू नका. आपलं बोअरचं पाणी जड, त्याच्या ओलसर हवेत धूळ मिसळली की बोर्डावर क्षारांचा थर चढतो.

ओकेप्रॉम्प्ट
काळ्या पडद्याचं कारण बहुधा कीबोर्डच आहे. सनच्या या पिढीत चालू करताना कीबोर्ड सापडला नाही, तर कन्सोल (मशीनचा मजकूर दाखवणारी आणि कमांडी घेणारी जागा) आपोआप सिरियल पोर्ट ए वर जातो आणि मॉनिटरवर काहीच येत नाही. साधा पीएस-टू कीबोर्ड चालणार नाही. सनचं सॉकेट ८ पिनांचं, पीएस-टूचं ६ पिनांचं.

अल्ट्रा ५ च्या मागे पोर्ट ए २५ पिनांचा आहे, पोर्ट बी ९ पिनांचा. कन्सोल २५ वाल्यावर येतो. तयार नल-मोडेम केबल मिळाली नाही तर तीन तारांची घरीच करा:

२५ पिनांचा २ → ९ पिनांचा २
२५ पिनांचा ३ → ९ पिनांचा ३
२५ पिनांचा ७ → ९ पिनांचा ५

दोन्हीकडे २ ला २ आणि ३ ला ३ पाहून बिचकू नका. २५ पिनांत २ नंबर पाठवायचा असतो, ९ पिनांत तोच घ्यायचा, त्यामुळे अदलाबदल आपोआप होते. वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही फ्लो कंट्रोल बंद. लिनक्सवर मिनिकॉम किंवा स्क्रीन, काहीही चालेल.

या टप्प्यावर डिस्क जोडूच नका. डिस्कशिवायही मशीन ओके प्रॉम्प्टपर्यंत, म्हणजे सोलारिस चढण्याआधी कमांडी घेण्याच्या टप्प्यापर्यंत, येतं.

वर्धाकाठ
सगळ्यांचे आभार. न्यूट्रल-अर्थ जास्तच निघाला, खड्डा कोरडा होता, तो दुरुस्त करून घेतला. डिस्कची इमेज झाली आहे, खराब भाग थोडासाच आहे आणि तो रूट स्लाइसमध्ये आहे. एक्सपोर्ट-होम पूर्ण वाचता आलं.

सिरियलवर आता मजकूर दिसतो. आयडीप्रॉममधला (मशीनची ओळख ठेवणाऱ्या भागातला) मजकूर अवैध आहे असं सांगतं, इथरनेट पत्ता सगळा एफएफ दाखवतं, आणि मग एआरपी/आरएआरपी पॅकेटची वाट पाहत अडकतं. दुसरी अडचण, नोंदींच्या मजकूर फाइली नीट उघडतात, पण फोर्ट्रानच्या बायनरी फाइली लॅपटॉपवर वाचल्या तर आकडे भलतेच येतात. फाइली खराब झाल्यात का?

यूएफएसवाला
फाइली चांगल्या आहेत, बाइटांचा क्रम उलटा आहे. स्पार्क, म्हणजे सनचा प्रोसेसर, मोठा बाइट आधी लिहितं, तुमचा लॅपटॉप लहान बाइट आधी वाचतो. डीडीच्या स्वॅब पर्यायाच्या नादी लागू नका, तो दोन-दोन बाइट उलटतो आणि तुमचे आकडे चार किंवा आठ बाइटांचे असणार.

फोर्ट्रानच्या अनफॉरमॅटेड फाइलीत प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर त्याची लांबी सांगणारे चार बाइट असतात, तेही उलट्या क्रमाचे. जीफोर्ट्रानमध्ये कंपाइल करताना -एफकन्व्हर्ट=बिग-एंडियन द्या, म्हणजे लांबी आणि आकडे दोन्ही सरळ वाचले जातील. हेक्सडम्पमध्ये फाइलीचे पहिले चार बाइट पाहिले तर खात्री पटेल. समजा रेकॉर्ड ८० बाइटांचा आहे, तर सुरुवातीला ०० ०० ०० ५० दिसेल.

ओकेप्रॉम्प्ट
एफएफचं कारण म्हणजे एनव्हीरॅम चिपमधली बॅटरी संपली. अल्ट्रा ५ मध्ये एम४८टी५९वाय ही २८ पायांची चिप सॉकेटात बसवलेली असते. तिच्यात घड्याळ, सेटिंगा आणि मशीनची ओळख राहते. बॅटरी चिपच्याच डोक्यावर इपॉक्सीत बंद केलेली, आयुष्य साधारण दहा वर्षांचं. म्हणजे आज जुन्या सन मशिनांपैकी मूळ चिप असलेली जवळपास प्रत्येक मशीन याच अवस्थेत असणार. बोर्ड मेला असं समजून लोक ती भंगारात घालतात, याचं फार वाईट वाटतं. आरएआरपीची वाट पाहणंही त्याचंच फळ आहे. सेटिंगा भरकटून डायग-स्विच चालू स्थितीत गेला की मशीन डिस्क सोडून नेटवरून बूट मागतं.

नवी चिप येईपर्यंत काम अडत नाही. जोवर वीज आहे तोवर बॅटरी नसली तरी चिप लिहिलेलं धरून ठेवते. ओके प्रॉम्प्टवर आधी सेट-डिफॉल्ट्स, मग सेटएन्व्ह डायग-स्विच? फॉल्स. त्यानंतर एमकेपी या कमांडने ओळख लिहायची, आधी बाइट, मग जागा. या प्रॉम्प्टवर सगळे आकडे हेक्समध्येच धरले जातात. प्रत्येक ओळीनंतर एंटर:

१ ० एमकेपी
रिअल-मशीन-टाइप १ एमकेपी
८ २ एमकेपी
० ३ एमकेपी
२० ४ एमकेपी

पहिली ओळ फॉरमॅट, दुसरी मशीनचा प्रकार, पुढच्या तीन म्हणजे सनचा ०८:००:२० हा इथरनेट उपसर्ग. आता पत्त्याचे शेवटचे तीन बाइट अनुक्रमे ५, ६ आणि ७ या जागांवर याच पद्धतीने लिहा. जागा ८, ९, ए आणि बी यांत शून्य. जागा सी, डी आणि ई यांत पुन्हा तेच तीन बाइट, त्यातून होस्ट-आयडी तयार होतो. शेवटची ओळ चेकसमची:

० एफ ० डू आय आयडीप्रॉम@ एक्सॉर लूप एफ एमकेपी

आधीच्या १५ बाइटांचा एक्सॉर काढून ती १६व्या जागी ठेवते. एक बाइट जरी चुकला तरी पुन्हा अवैध म्हणेल, म्हणून बॅनर देऊन इथरनेट पत्ता आणि होस्ट-आयडी तपासा, मग रीसेट-ऑल.

पत्ता मनाने ठरवायच्या आधी जुना शोधा. चिपवरचं बारकोडचं लेबल पाहा, नाहीतर इमेजमधल्या /व्हार/ॲडम/मेसेजेस फाइलीत जुन्या बूटच्या नोंदींमध्ये इथरनेट पत्ता मिळतो. तुमचा फोर्ट्रान कंपायलर होस्ट-आयडीला बांधलेल्या लायसनवर चालत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. या मशिनांचा होस्ट-आयडी ८० ने सुरू होतो आणि पुढचे सहा हेक्स अंक पत्त्याच्या शेवटच्या तीन बाइटांचे असतात. जुना पत्ता मिळाला की लायसन पुन्हा जागेवर येतं.

पांढरंसोनं
चिप विकत घेताना सावध राहा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळशा चिपा जुन्या बोर्डांवरून उपसलेल्या आणि वर नवी छपाई केलेल्या असतात. पायांवर जुन्या सोल्डरचा माग दिसला तर परत करा. चिपेवरच्या तारखेच्या कोडवर विसंबू नका, तोही पुसून नवा छापलेला असू शकतो. खरी परीक्षा अशी : ओळख लिहा, मशीनचा प्लग काढून रात्रभर ठेवा, सकाळी बॅनर पाहा.

जुन्या चिपेलाच बाहेरून सीआर२०३२ (बटण सेल) जोडायची असेल तर ती जमते. इपॉक्सी कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरने हळूहळू खरवडा, बॅटरीच्या दोन पट्ट्या उघड्या पडतील. मल्टिमीटरने कोणती धन आणि कोणती ऋण ते पाहून खूण करा. जुनी बॅटरी पूर्ण तोडायचीच. ती तशीच समांतर राहिली तर नव्या सेलला खात राहते. सेल थेट सोल्डर करू नका, होल्डर लावा. खरवडताना मास्क आणि चष्मा हवा, काचतंतूसारखी बारीक धूळ उडते. चिप सॉकेटात परत बसवताना खाच जुळली का ते पाहा. उलटी बसवून वीज दिली की ती गेली.

तुरीचंशेत
आमच्याकडे अकोट बाजूला स्पार्कस्टेशन २० आहे. हेच लागू होईल का?

ओकेप्रॉम्प्ट
बहुतेक होईल. चिप एम४८टी०८ घ्या. डिस्क मात्र स्कझी, ८० पिनांची, आणि प्रोब-स्कझी चालवायच्या आधी ऑटो-बूट? फॉल्स करून रीसेट करा, नाहीतर मशीन अडकू शकतं. डिस्क टार्गेट ३, सीडी टार्गेट ६ ही सनची जुनी रूढी. बूट करायला ५१२ बाइटांचा ब्लॉक देणारा सीडी ड्राइव्ह लागतो, कुठलाही चालत नाही. सोलारिस ९ ही तुमच्या मशीनवर चालणारी शेवटची आवृत्ती. मॉनिटरला १३डब्ल्यू३ (सनचा जुना मॉनिटर-जोड) चा ॲडॅप्टर लागेल, त्यापेक्षा सिरियल सोपं.

वर्धाकाठ
जुना पत्ता मेसेजेसमध्ये मिळाला, बॅनर बरोबर दाखवतो. आता मूळ डिस्कच लावू का? रूटचा पासवर्डही कोणाला माहीत नाही.

यूएफएसवाला
मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवा. इमेज दुसऱ्या माध्यमावर उतरवा आणि तेच मशीनमध्ये लावा. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि आयडीई ॲडॅप्टर उत्तम, त्यात फिरणारं काही नसल्याने उन्हाळ्याचाही त्रास कमी. मात्र औद्योगिक दर्जाचं, फिक्स्ड डिस्क म्हणून ओळख देणारं कार्ड घ्या. क्षमता मूळ डिस्कएवढी किंवा जास्त हवी, पण १३७ जीबीच्या वर जाऊ नका, हा कंट्रोलर त्यापुढचं पाहत नाही. डिस्कचं लेबल आणि बूट ब्लॉक इमेजमध्येच असतात, वेगळं काही लिहावं लागत नाही.

पासवर्डसाठी सोलारिस ८ ची पहिली सॉफ्टवेअर सीडी लावून बूट सीडीरॉम -एस. तुमच्या रूट स्लाइसमध्ये खराब भाग होता, म्हणून माउंट करण्याआधी तपासा:

एफएससीके /डेव्ह/आरडीएसके/सी०टी०डी०एस०

सुपरब्लॉकच वाचता येत नाही म्हणालं तर एफएससीके -एफ यूएफएस -ओ बी=३२ (-एफ मधला एफ मोठा) देऊन पर्यायी सुपरब्लॉक वापरा. ३२ वर नसेल तर न्यूएफएस -एन बाकीच्या जागा छापून देतं. तो मोठा एन विसरलात तर न्यूएफएस खरोखरच नवी फाइलसिस्टीम लिहून टाकतं, एंटर मारण्याआधी ओळ पुन्हा वाचा.

मग स्लाइस ० /ए वर माउंट करा, टर्म=व्हीटी१०० (टर्म मोठ्या अक्षरांत) करून एक्सपोर्ट करा, नाहीतर व्हीआय विस्कटतो. /ए/ईटीसी/शॅडो मध्ये रूटच्या ओळीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या अपूर्णविरामांमधला (:) मजकूर काढा. चिन्हं तशीच राहू द्या. यूमाउंट, रीबूट, आत शिरल्यावर लगेच नवा पासवर्ड. हीच दुरुस्ती लिनक्समधून करू नका, लिनक्सचं यूएफएसवर लिहिणं भरवशाचं नाही.

पांढरंसोनं
आत शिरलात की लिनक्सच्या सवयी दाराबाहेर ठेवा. सोलारिसवर किलऑल म्हणजे नावाने प्रोसेस मारणं नव्हे, रूटने ती दिली की चालू असलेलं सगळंच मरतं. नावाने मारायला पीकिल आहे. होस्टनेम -एफ दिलंत तर पूर्ण नाव दिसत नाही, मशीनचं नावच बदलून -एफ होतं. रूटचा शेल /यूएसआर/लोकल मधल्या बॅशवर नेऊ नका, सिंगल-यूजरमध्ये ती स्लाइस माउंटच नसते. बंद करताना इनिट ५.

/व्हार भरलं असेल तर डीयू -डीके /व्हार ची यादी सॉर्ट -एन मधून काढा. चालू लॉग आरएमने उडवू नका, प्रोग्रामने फाइल उघडी धरली असेल तर जागा सुटत नाही. /डेव्ह/नल त्या फाइलीवर कॅट करून ती रिकामी करा.

काळीमाती
नेटवर्कची केबल बाहेरून दुसऱ्या इमारतीत नेत असाल तर तांब्याची नेऊ नका भौ. मृगाच्या तोंडावर वीज कडाडली की लांब तारेत झटका येते अन् दोन्हीकडचे पोर्ट जातात. तेवढ्या तुकड्याला फायबर अन् दोन मीडिया कन्व्हर्टर लावा. मशीन अन् स्विच एकाच यूपीएसवर, एकाच अर्थिंगवर ठेवा.

ओकेप्रॉम्प्ट
त्याला जोडून. आयपी बदलायला /ईटीसी मधल्या होस्ट्स, होस्टनेम.एचएमई०, नेटमास्क्स आणि डीफॉल्टराउटर या चार फाइली पाहा. वेग फारच कमी आला तर नेटस्टॅट -आय मध्ये कोलिजन आणि एरर बघा. बहुतेकदा एका टोकाला फुल डुप्लेक्स सक्तीने लावलेला असतो आणि दुसरं टोक ऑटोवर असतं. ऑटोवालं टोक मग हाफ डुप्लेक्स धरतं. सेटिंग न करता येणारा साधा स्विच असेल तर मशीनही ऑटोवरच ठेवा.

हे मशीन इंटरनेटवर अजिबात उघडं ठेवू नका. याआधीच्या, सोलारिस ७ पर्यंतच्या आवृत्त्यांतल्या सॅडमाइंड या सेवेमधल्या छिद्रातून २००१ मध्ये वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला होता. /ईटीसी/इनेटडी.कॉन्फ मध्ये सॅडमाइंड, सीएमएसडी, टीटीडीबीसर्व्हर या ओळींपुढे हॅश लावा आणि पीकिल -एचयूपी इनेटडी द्या (एचयूपी मोठ्या अक्षरांत). सोलारिस ८ सोबत एसएसएच येत नाही, म्हणून टेलनेट आणि एफटीपी फक्त लॅपटॉप ते मशीन अशा थेट जोडणीवरच वापरा.

वर्धाकाठ
कार्डवरून सोलारिस चढलं, प्रोग्राम चालले, आकडे जुन्या छापील तक्त्यांशी जुळतात. एकच उरलं. काही न करता ठेवलं की अर्ध्या तासाने मशीन आपणहून बंद होतं. पॉवर सप्लाय गरम होऊन बसत असेल का?

पांढरंसोनं
वेळ दर खेपेला तितकीच असेल तर सप्लाय नाही. /ईटीसी/पॉवर.कॉन्फ उघडा. त्यात ऑटोशटडाउन ३० ९:०० ९:०० डिफॉल्ट अशी ओळ असेल. वीज बचतीसाठी रिकामं मशीन बंद करण्याची ती सोय आहे. डिफॉल्टच्या जागी नोशटडाउन लिहा आणि /यूएसआर/एसबिन/पीएमकॉन्फिग चालवा.

त्यानंतरही बंद पडलं आणि वेळ कमी-जास्त होत असेल, तर मग सप्लाय उघडा. प्लग काढून कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या, फुगलेले किंवा खाली चिकट झालेले शोधा. बदलताना १०५ अंशांचे, लो-ईएसआर घ्या, व्होल्टेज मूळ इतकं किंवा जास्त. ८५ अंशांचे स्वस्त मिळतात, पण दर दहा अंशांनी कपॅसिटरचं आयुष्य अर्धं होतं, आणि मे महिन्यात आपल्या खोलीतच पारा चाळिशीच्या वर असतो.